प्रबोधनकाळातल्या मुद्राचित्रांमधला घोडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्राचित्रांबद्दल, म्हणजे ठोकळ्यावरून किंवा पत्र्यावरून छापलेल्या चित्रांबद्दल, बोलायला लागलं की थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच, "या जुन्या युरोपीय चित्रांत एवढे घोडे कशासाठी?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर लांबत जातं. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काळ साधारण १४९० ते १६००. प्रदेश मुख्यतः जर्मन भाषेचा, शिवाय नेदरलँड्स आणि इटली. माझं सांगणं एकच आहे: ही चित्रं बघताना स्वाराआधी घोड्याकडे बघा, आणि घोड्याकडे बघताना लगामाकडे. लगाम आहे का, कोणाच्या हातात आहे, ताणलेला आहे की सैल, हे कळलं की चित्र उलगडायला लागतं.

मुळात घोडाच का? कुत्री, सिंह, हरणंही होतीच की.

होती. पण माणसाचा दर्जा त्यांच्यावर ठरत नव्हता. इटालियनमधला 'कॅव्हालिएरे' आणि फ्रेंचमधला 'शेव्हालिए' हे सरदारवाचक शब्द घोड्यावरून आले आहेत, आणि जर्मन 'रिटर' म्हणजे मुळात स्वारी करणारा. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा घेणारा तो बारगीर. घोडा कोणाचा यावर माणसाची पत ठरायची.

पतीच्या पलीकडे आणखी एक गोष्ट होती. घोडा माणसाहून कितीतरी ताकदवान असतो आणि तरीही माणसाचं ऐकतो, निदान ऐकावं अशी अपेक्षा असते. प्लेटोने आत्म्याला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली होती: एक घोडा गुणी, दुसरा आडदांड, आणि सारथ्याची सगळी कसोटी त्या दुसऱ्यापाशी. ही उपमा प्रबोधनकाळातल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक होती. आंद्रेआ अल्चातो या कायदेपंडिताचं चित्रकूटांचं, म्हणजे चित्र आणि त्यासोबत अर्थ सांगणारं पद्य अशा जोड्यांचं, पुस्तक १५३१ साली आउग्सबुर्गमध्ये लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्रांसह निघालं. त्यातल्या एका कूटात विचारलंय, की ग्रीसमधल्या थेसलीत राज्यकर्ते सारखे का बदलतात? उत्तर असं, की ज्याला मांड ठोकता येत नाही त्याला घोडा पाठीवरून फेकून देतो, कारण घोड्याला खुशामत येत नाही. भाट राजाची स्तुती करील, दरबारी मान डोलावतील, घोडा मात्र खोटं बोलणार नाही. स्वारी म्हणजे राज्य करणं आणि स्वारी म्हणजे स्वतःला आवरणं, हे दोन्ही अर्थ एकाच लगामाला बांधलेले होते.

मुद्राचित्र म्हणजे नेमकं काय? आणि रंगवलेल्या चित्रापेक्षा त्यातला घोडा वेगळा कसा?

लाकडाच्या ठोकळ्यावर नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंच रेषांना शाई लावायची आणि कागदावर दाबायचं, हा झाला वुडकट. एनग्रेव्हिंगमध्ये उलट. तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने रेषा खोदायच्या, खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओला कागद दाबून ती शाई उचलायची. दोन्हीतून एकाच चित्राच्या शेकडो प्रती निघतात.

फरक इथेच पडतो. चौकातला ब्राँझचा घोडा राजाच्या नाहीतर सेनापतीच्या खर्चाने उभा राहायचा आणि मान वर करून बघावा लागायचा. कागदावरचा घोडा जत्रेत विकत मिळायचा. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररची बायको आग्नेस नवऱ्याची मुद्राचित्रं घेऊन फ्रँकफुर्टच्या बाजाराला जायची, आणि त्याची आईसुद्धा न्यूरेंबर्गात ती विकायची. ज्याच्या दारात कधी घोडा बांधला जाणार नव्हता, त्याच्याही पेटीत घोडा आला. तो हातात धरून, दिव्याजवळ नेऊन, रोज बघता येत होता. मोठे अर्थ लहान कागदावर रचण्याची गरज यातून निर्माण झाली, असं मला वाटतं.

ड्यूररच्या 'चार घोडेस्वारां'त इतकं विशेष काय आहे?

ड्यूररने १४९८ साली, सत्ताविशीत, बायबलमधल्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकावर १५ वुडकट प्रसिद्ध केले. त्यातलं हे चित्र साधारण ३९ बाय २८ सेंटिमीटरचं आहे. मूळ मजकुरात चार घोडे एकामागून एक येतात: पांढरा, लाल, काळा आणि फिकट. आधीच्या छापील बायबलांतले चित्रकार ते तसेच, सुटेसुटे दाखवत. शिवाय वुडकटमध्ये रंग नसतो, त्यामुळे काळा घोडा कुठला आणि लाल कुठला हे दाखवायचं कसं, हा पेच होताच.

ड्यूररने रंगाचा नाद सोडला. त्याने चौघांना एकाच तिरक्या ओळीत कोंबलं आणि एकदम सोडलं. मागे धनुष्यवाला, त्याच्या पुढे तलवारवाला, मधोमध तराजू भिरकावणारा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात म्हातारा मृत्यू. पहिले तीन घोडे पुष्ट आहेत, त्यांच्या टापांखाली माणसं पडतायत. मृत्यूचं तट्टू मात्र हाडांचा सापळा झालंय, बरगड्या मोजून घ्याव्यात. आणि नेमकं तेच आपल्या सर्वांत जवळ आहे. त्याच्या खुरांखाली नरकाचा जबडा उघडलाय आणि त्यात मानाचं शिरोभूषण घातलेला एक बडा माणूस चाललाय. लाल आणि काळा रंग गेला, तरी घोड्याच्या अंगावरच्या मांसावरून कोण कोणता हे कळतं.

मी स्वतः वुडकट शिकताना घोड्याची आयाळ कोरायला घेतली होती. काळी रेघ हवी असेल तर तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड काढावं लागतं, म्हणजे एका केसाला दोन काप. एक काप चुकला की केस तुटला आणि तो परत जोडता येत नाही. दुपारभर बसून माझे अकरा केस झाले, त्यातले चार तुटलेले. त्यानंतर या चित्रातल्या उडत्या आयाळी आणि शेपट्या बघितल्या तेव्हा हात जोडले. ठोकळे ड्यूररने स्वतः कोरले की कसबी कारागिराने, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोरणाऱ्याचा हात कोणाचाही असो, त्या रेषांना वारा लागलेला आहे.

'मोठा घोडा' आणि 'लहान घोडा' अशी दोन चित्रं आहेत. म्हणजे एक कागद मोठा आणि एक लहान का?

नाही, ही सर्रास होणारी चूक आहे. दोन्ही एनग्रेव्हिंग ड्यूररची, १५०५ सालची आणि जवळजवळ सारख्या मापाची, जेमतेम १६–१७ सेंटिमीटर उंच. मोठा-लहान आहे तो घोडा.

'लहान घोडा' बाजूने दिसतो. मान कमानदार, तोंड उघडं, पाय उचललेला. अंगाची मापं आखून-मोजून घेतल्यासारखी. हा आदर्श घोडा, कसा असावा ते सांगणारा. 'मोठा घोडा' मागून दिसतो. चित्राचा अर्धा भाग त्याच्या पुठ्ठ्यांनीच व्यापलाय, पोट सुटलेलं, पाय जड. हा घोडा कसा असतो ते सांगणारा. त्याच्या शेजारी परशूसारखं शस्त्र घेतलेला शिपाई उभा आहे, पण तो तिथे जवळपास मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, वाटतो. एकाच वर्षी, एकाच मापात, एका कलावंताने 'असावा' आणि 'असतो' हे दोन्ही घोडे कोरले. प्रबोधनकाळ म्हणजे काय हे मला कोणी थोडक्यात विचारलं, तर मी ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतो.

'स्वार, मृत्यू आणि सैतान' या चित्रात घोड्याचा अर्थ काय?

या चित्रावर सर्वांत जास्त प्रश्न येतात, म्हणून जरा सविस्तर.

ड्यूररचं १५१३ सालचं हे एनग्रेव्हिंग साधारण २५ बाय १९ सेंटिमीटर. अंधाऱ्या घळीतून चिलखत घातलेला स्वार डावीकडे चाललाय. त्याच्या पलीकडे मृत्यू, डोक्याभोवती साप, हातात वाळूचं घड्याळ. मागे डुकराच्या नाकाडाचा सैतान. खाली कुत्रा धावतोय, पाल उलट दिशेला पळतेय, कोपऱ्यात कवटी पडलीय. दूर टेकडीवर गढी आहे. ड्यूरर स्वतः आपल्या प्रवासवहीत याला नुसतं 'स्वार' म्हणतो. 'मृत्यू आणि सैतान' नंतरच्यांनी जोडलं.

आता दोन घोडे बघा. स्वाराचा घोडा म्हणजे 'लहान घोड्या'चं वयात आलेलं रूप. ड्यूरर व्हेनिसला दोनदा जाऊन आला होता. तिथे शिल्पकार वेरोक्कियोने केलेला सेनापती कोल्लेओनीचा अश्वारूढ पुतळा १४९६ पासून उभा होता, आणि जवळच पादुआला डोनातेल्लोने केलेला सेनापती गात्तामेलाताचा. त्या ब्राँझच्या घोड्यांचा भारदस्तपणा इथे कागदावर उतरलाय. मान वळवलेली, पाऊल मोजून टाकलेलं, कपाळावर आणि शेपटीला पानांची डहाळी. भोवती इतकं भयाण सगळं असून तो बिचकत नाही. कान टवकारलेले नाहीत, डोळे फिरलेले नाहीत. ज्याने कधी घोडा हाताळलाय त्याला विचारा: रस्त्यावर उडणारी प्लॅस्टिकची पिशवी बघूनही घोडा उधळतो. इथे शेजारी प्रेत चाललंय आणि याची चाल मोडलेली नाही.

मृत्यूच्या तट्टूने मात्र मान खाली घातलीय, थेट त्या कवटीपाशी. गळ्यात घंटा आहे. अंगावर धड साज नाही. ते थकलंय. स्वार त्याच्याकडे बघत नाही, पण आपण बघू शकतो. मला या चित्रात सर्वांत जास्त कालवाकालव त्या तट्टूकडे बघून होते. मृत्यू कितीही दरारा दाखवो, त्याला वाहणारं जनावर भुकेलं आहे.

स्वाराला बरेच जण ख्रिस्ती शिपाई मानतात. इरॅस्मस या विद्वानाने ख्रिस्ती शिपायासाठी लिहिलेल्या, १५०३ च्या सुमाराला छापलेल्या पुस्तिकेशी त्याचा संबंध जोडतात. आणि ड्यूररने १५२१ मध्ये आपल्या वहीत इरॅस्मसला 'ख्रिस्ताच्या स्वारा' अशी हाक मारून पुढे ये असं कळवळून लिहिलंय, हेही खरं. उलट काही अभ्यासक भाल्याच्या टोकावरच्या कोल्ह्याच्या शेपटाकडे बोट दाखवतात आणि हा लुटारू सरदार असावा म्हणतात. विसाव्या शतकात जर्मन राष्ट्रवाद्यांनी याला आपला वीरपुरुष करून टाकलं, आणि तो डाग या चित्रावर बराच काळ राहिला. मला विचाराल तर स्वार चांगला की वाईट याचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावर मिळत नाही, कारण चेहरा शिरस्त्राणात अर्धवटच दिसतो. मिळतं ते एवढंच, की त्याचा स्वतःवर ताबा आहे. आणि हे आपल्याला सांगतो तो घोडा.

एक बारकावा. छापताना चित्र उलटं होतं, डावं ते उजवं. म्हणजे स्वाराची तलवार छापात डाव्या कमरेला दिसावी म्हणून ड्यूररला पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागलं. इतका विचार सगळेच करत नसत, म्हणून काही मुद्राचित्रांत डावखुऱ्या योद्ध्यांची पलटण दिसते.

घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी, दोन पाय वर म्हणजे रणात मृत्यू, असं म्हणतात. या चित्रांनाही ते लागू आहे का?

लागू नाही, आणि पुतळ्यांनाही ते कधी नियम म्हणून लागू नव्हतं. आपल्याकडे हा निरोप मोबाइलवर फिरत असतो म्हणून जरा स्पष्ट सांगतो. रोममधल्या सम्राट मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्यात घोड्याचा एक पाय वर आहे, आणि सम्राट आजारपणात गेला. गात्तामेलाताच्या घोड्याचा उचललेला पाय तोफेच्या गोळ्यावर टेकलाय, आणि हा सेनापतीही रणात पडला नाही. कोल्लेओनी तर आपल्या गढीत वारला. उचललेला पाय ही प्राचीन रोमकडून आलेली, ऐटीत चालणाऱ्या घोड्याची ढब आहे.

मार्कस ऑरेलियसचा पुतळा वाचला तो गैरसमजामुळे. मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाईन समजत, म्हणून तो वितळवला गेला नाही. पुढे मार्कांतोनिओ राइमोंदी या इटालियन खोदकाराने आणि इतरांनी त्याची एनग्रेव्हिंग केली, आणि रोमला कधीही न गेलेल्या कलावंतांच्या टेबलावर तो घोडा पोचला. त्या ढबीचा वंश फार लांब गेलाय. मुंबईत १८७९ साली प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा बसवला, तो त्याच घराण्यातला. पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, राजपुत्राचं नाव लोक विसरले, पण त्या भागाला आजही सगळे काळा घोडाच म्हणतात.

राजे-महाराजांनी मुद्राचित्रं का करवून घेतली? त्यांना पुतळे परवडत होते ना?

परवडत होते असं आपल्याला वाटतं, पण इथेच घोडं पेंड खातं. मॅक्सिमिलियन पहिला याने १५०८ मध्ये जर्मन प्रदेशावरच्या पवित्र रोमन साम्राज्याचं सम्राटपद धारण केलं. आउग्सबुर्गला त्याचा दगडी अश्वारूढ पुतळा उभारायचं ठरलं, हान्स बुर्कमायरने रेखाटनही केलं, पण काम अर्धवट राहिलं. मिलानमध्ये लिओनार्दोने स्फोर्झा घराण्यासाठी केलेल्या प्रचंड घोड्याचं मातीचं प्रारूप १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी नेमबाजीसाठी वापरून उद्ध्वस्त केलं.

कागद मात्र टिकला. बुर्कमायरचा १५०८ चा 'घोड्यावर मॅक्सिमिलियन' हा वुडकट घोड्याला नखशिखांत चिलखत चढवून दाखवतो. काही प्रती रंगीत कागदावर सोन्या-चांदीच्या छटेत छापल्या गेल्या. त्याआधी वर्षभर लुकास क्रानाखने सॅक्सनीच्या दरबारासाठी तसाच संत जॉर्ज छापला होता. त्याला बुर्कमायरने दिलेलं हे उत्तर. चिलखताची लकाकी शाईतून दाखवायची ही दोन दरबारांमधली चढाओढ होती, आणि तिच्यातून पुढे अनेक ठोकळ्यांनी छटा छापायचं तंत्र आलं.

मॅक्सिमिलियनची विजययात्रा तर १३० हून जास्त वुडकटची. सलग लावली तर ५० मीटरहून लांब. ती १५२६ मध्ये निघाली तेव्हा सम्राटाला जाऊन सात वर्षं झाली होती. ड्यूररने १५२२ मध्ये सम्राटाचा रथ वेगळा प्रसिद्ध केला. त्याला १२ घोडे जुंपलेत आणि प्रत्येक जोडीसोबत सद्गुणांच्या बाया चालतायत. त्या घोड्यांना आवरणारे गुण आहेत, बाहू नाहीत. मला हा रथ जरा पोपटपंची वाटतो. स्वाराच्या त्या एकट्या घोड्याचं वजन या बारा जणांना नाही.

बाल्डुंगचे घोडे इतके अस्वस्थ का करतात?

कारण त्यांना लगाम नाही.

हान्स बाल्डुंग ग्रीन हा ड्यूररच्या हाताखाली शिकलेला. १५३४ मध्ये त्याने जंगली घोड्यांचे तीन वुडकट केले. दाट झाडी आणि तिच्यात कोंबलेली उघडी जनावरं: चावणारी, लाथाडणारी, माजावर आलेली. एकात घोडा घोडीकडे झेपावतो, त्याचं वीर्य जमिनीवर सांडतं. खोगीर नाही, नाल नाही, स्वार नाही. ज्या घोड्याला ड्यूररने मोजून-मापून शिस्तीत बसवलं, त्याच्याच शिष्याने तो घोडा परत रानात सोडला. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या काव्यात माजावर आलेल्या घोड्यांच्या उन्मादाचं वर्णन केलंय, आणि शिकलेले लोक ते वाचून होते. वासना म्हणजे बेलगाम घोडा, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. याच बाल्डुंगने १५१३ मध्ये दाखवलं होतं की थोर तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल रांगतोय, तोंडात लगाम आहे आणि पाठीवर फिलिस नावाची तरुणी बसलीय. शहाण्या माणसाचाच घोडा झालाय.

आणि मग त्याच्या आयुष्याच्या शेवटी, १५४४ च्या सुमाराला, 'भारलेला मोतद्दार'. हे चित्र एकदा बघितलं की डोक्यातून जात नाही. पागेच्या फरशीवर मोतद्दार उताणा पडलाय, पाय आपल्याकडे, डोकं लांब, त्यामुळे सगळं शरीर आखडून गेल्यासारखं. हाताजवळ खरारा पडलाय, अंगाशी दोन दात्यांचा दांडा. मागे घोडा पाठमोरा उभा आहे आणि मान वळवून एका डोळ्याने बघतोय. उजवीकडच्या खिडकीतून म्हातारी चेटकीण पेटती मशाल घेऊन वाकलीय. भिंतीवर बाल्डुंगच्या घराण्याचं चिन्ह, त्यावर एकशिंगी घोडा.

तो मोतद्दार मेलाय की बेशुद्ध आहे? घोड्याने लाथ मारली की चेटूक झालं? चित्र सांगत नाही. पण खरारा बघा. घोड्याला रोज हाताने माणसाळवणारी ती वस्तू आता हातातून सुटलीय. घराण्याचं चिन्ह भिंतीवर असल्यामुळे बरेच जण त्या पडलेल्या माणसात चित्रकाराला बघतात. बाल्डुंग १५४५ मध्ये वारला.

संत पौल घोड्यावरून पडला असं सगळीकडे दाखवतात. बायबलमध्ये तसं आहे का?

नाही. 'प्रेषितांची कृत्ये' उघडून बघा. शौल, म्हणजे पुढचा संत पौल, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर जमिनीवर पडतो, घोड्याचा उल्लेखही नाही. घोडा चित्रकारांनी दिला, कारण मध्ययुगापासून गर्व म्हणजे घोड्यावरून कोसळणारा स्वार अशी प्रतिमा रुळलेली होती. लुकास फान लायडनने १५०९ च्या एनग्रेव्हिंगमध्ये घोड्यावरून पडण्याचा प्रसंग मागे, लहानसा ठेवला आणि पुढे आंधळा झालेला शौल पायी, दुसऱ्यांच्या हाताला धरून चालताना दाखवला. मला तो जास्त भिडतो.

घोड्याची मापं काढण्यावरून म्हणे न्यूरेंबर्गात खटला झाला होता?

खटला म्हणण्यापेक्षा बंदी. ड्यूरर एप्रिल १५२८ मध्ये गेला. मानवी शरीराच्या प्रमाणांवरचं त्याचं पुस्तक छपाईत होतं, आणि घोड्याच्या प्रमाणांवरही त्याने काम केलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात झेबाल्ड बेहामने घोड्याच्या प्रमाणांवर छोटी पुस्तिका काढली. नगरपरिषदेने ती अडवली, ड्यूररच्या कागदांतून चोरल्याचा ठपका ठेवला आणि बेहाम शहर सोडून गेला. १५२५ मध्ये धर्माविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला एकदा हद्दपार केलंच होतं. घोडा नेमका कसा मोजायचा हे ज्ञान त्या शहराला किती मोलाचं वाटत होतं, ते यावरून कळतं.

शतकाच्या शेवटी घोड्यांच्या जातींची चित्रं आली. त्यांत काय अर्थ?

अर्थ बदलला. ब्रुग्जचा यान फान डर स्ट्राट, म्हणजे स्त्रादानुस, फ्लॉरेन्सला मेदिची दरबारात काम करायचा. ऑस्ट्रियाचा डॉन हुआन याच्या पागेतले घोडे म्हणून त्याने जातवान घोड्यांची मालिका रेखाटली. सुमारे ४० चित्रं. हेंड्रिक गोल्टझियस आणि हिएरोनिमस विरिक्ससारख्यांनी ती तांब्यावर कोरली आणि फिलिप्स खाले याने १५८० च्या आसपास अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक पानावर एक घोडा आणि त्याचा देश. घोडा आता संग्रहाची वस्तू झाला. सद्गुणापेक्षा वंश महत्त्वाचा झाला, आणि पुढे माणसांचीही अशीच वर्गवारी व्हायची होती, हे आज बघताना मनात आल्याशिवाय राहत नाही. याच स्त्रादानुसच्या नव्या शोधांवरच्या मालिकेत होकायंत्र, तोफा आणि छापखान्याच्या पंगतीत रिकीबही, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी, आहे.

आपल्याकडच्या घोड्यांचा यात काही संबंध?

थेट नाही, पण एक वळसा आहे. अरबस्तान आणि इराणचे घोडे समुद्रमार्गे गोवा, चौल, दाभोळ या बंदरांत उतरत आणि विजयनगरला, दख्खनच्या सुलतानांकडे जात. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार गोव्यातूनच व्हावा म्हणून जंग जंग पछाडलं, कारण घोड्यांवरची जकात मोठी होती. युरोपला मात्र तिकडून घोडा नव्हे, गेंडा गेला. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये गोव्यातून रवाना केला. तो २० मे रोजी लिस्बनला पोचला आणि त्याला न बघताच ड्यूररने वुडकट केला. त्या गेंड्याचे पत्रे मला नेहमी युद्धाच्या घोड्याच्या चिलखतासारखे वाटतात. न्यूरेंबर्ग चिलखत घडवणाऱ्यांचंच शहर होतं. मॅक्सिमिलियनच्या विजययात्रेत 'कालिकतचे लोक' आहेत, हत्तीसकट. पण काहींच्या अंगावर ब्राझीलची पिसं आहेत. हिंदुस्थान कुठे आणि अमेरिका कुठे, हे अजून बसलेलं नव्हतं.

शरीरशास्त्र आल्यावर घोड्याचे हे सगळे अर्थ संपले का?

१५९८ मध्ये बोलोन्यात कार्लो रुइनीचं घोड्याच्या शरीररचनेवरचं आणि रोगांवरचं पुस्तक निघालं. माणूस सोडून दुसऱ्या प्राण्याच्या शरीराचा इतका सविस्तर अभ्यास आधी छापला गेला नव्हता. त्यातले कातडी सोललेले घोडे टेबलावर आडवे नाहीत. ते मोकळ्या माळावर उभे आहेत, चालतायत, मान वळवतायत. स्नायू आणि शिरा उघड्या आहेत, पण ढब तीच, मार्कस ऑरेलियसच्या घोड्याची. कातडी गेली तरी ऐट गेली नाही.

ही चित्रं कुठे आणि कशी बघावीत?

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या, स्पष्ट प्रतिमा फुकट उतरवून घेता येतात. पण पडद्यावर मोठं करून बघण्याआधी एकदा मूळ मापात छापून घ्या. 'स्वार' ए-फोर कागदात मावतो, 'लहान घोडा' आणि 'मोठा घोडा' त्याच्या निम्म्या कागदात, आणि 'चार घोडेस्वारां'ना ए-थ्री लागेल. कागद हातात धरा, वाचायला पुस्तक धरतो तितक्या अंतरावर. सुरुवातीला चिलखत दिसेल, मग मृत्यूचा चेहरा, मग कुत्रा. त्या तट्टूच्या गळ्यातली घंटा दिसायला थोडा वेळ लागतो.